पारखलेल्याने मागितलेली पारख : एकशे एकोणचाळिसाव्या स्तोत्राचे पुनर्वाचन

दरवर्षी २४ जूनला, बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाच्या जन्माच्या सणाला, मिस्सेतील पहिल्या वाचनानंतर एकशे एकोणचाळिसावे स्तोत्र येते. वसईकडे तेव्हा पाऊस नुकताच धरलेला असतो. गोव्यात पोरेसोरे सांजावच्या गजरात विहिरींत उड्या घेत असतात. आणि देवळात आपण ऐकतो की आपले बसणे-उठणे देवाला ठाऊक आहे, आईच्या उदरात आपल्याला घडवणारा तोच आहे. आईच्या पोटातच आनंदाने उडी मारणाऱ्या बालकाच्या सणाला याहून समर्पक स्तोत्र सापडणे कठीण. परंतु त्या दिवशीच्या उपासनेसाठी निवडलेली वचने पहिली तीन आणि तेरावे ते पंधरावे एवढीच आहेत. स्तोत्र मात्र चोवीस वचनांचे आहे.

दुसरीकडे, याच स्तोत्राची शेवटची दोन वचने, ज्यांत भक्त आपले अंतःकरण तपासण्याची विनंती देवाला करतो, ती रिट्रीटमध्ये, प्रार्थनासभांत आणि पापनिवेदनाच्या तयारीच्या पुस्तिकांत स्वतंत्रपणे वावरत असतात. म्हणजे या कवितेचा आरंभ आपल्या परिचयाचा, शेवटही परिचयाचा. मधला प्रवास मात्र फारसा कोणी पायाखालून घातलेला नाही. अंतःकरणाच्या शुद्धतेविषयी आपल्या समाजात जे लिहिले-बोलले जाते त्यात एक प्रकारचा गुळगुळीतपणा आला आहे, त्याचे एक कारण हे तुकड्यांतले वाचन असावे अशी आमची समजूत आहे. म्हणून येथे संपूर्ण स्तोत्राचा, एक कविता या नात्याने, विचार करावयाचा आहे. (जुन्या लॅटिन पोथ्यांत याचा क्रमांक १३८ आहे, हे वडीलधाऱ्या वाचकांना आठवत असेलच.)

स्तोत्राची बांधणी सरळ आहे. सहा-सहा वचनांचे चार भाग पडतात. पहिल्यात देवाचे ज्ञान, दुसऱ्यात देवाचे सर्वत्र असणे, तिसऱ्यात देवाने केलेली घडण, आणि चौथ्यात एकाएकी दुर्जनांवर संताप व त्यानंतर ती प्रसिद्ध विनंती. शीर्षकात दावीदाचे नाव असले तरी भाषेत अरामी वळणाच्या खुणा दिसतात, त्यामुळे ही रचना पुष्कळ नंतरची असावी असे अनेक अभ्यासक मानतात. आम्हाला त्या वादात शिरायचे नाही.

आमचे लक्ष प्रथम वेधून घेतले ते एका क्रियापदाने. मूळ हिब्रूत पहिल्याच वचनात 'हाकर' हे क्रियापद आहे, आणि तेविसाव्या वचनात पुन्हा तेच आहे. पहिल्या ठिकाणी ते झालेल्या गोष्टीविषयी येते : देवाने मला धुंडाळून पाहिले आहे, मला ओळखले आहे. शेवटी ते विनंती म्हणून येते : देवा, मला धुंडाळून पाहा, ओळख. जी गोष्ट झाली आहे असे कवी आरंभी स्वतः सांगतो, तीच शेवटी तो का मागतो? आमच्या मते सगळ्या स्तोत्राचे मर्म या एका प्रश्नात आहे. मराठीत या क्रियापदासाठी शोधणे, पारखणे, तपासणे, झडती घेणे असे चांगले पर्याय आहेत. पण आरंभी एक शब्द आणि शेवटी दुसरा योजला की ही गाठ सुटते, आणि वाचकाला प्रश्न पडायचाच राहून जातो. अर्थाला बाध न आणता कवितेची हानी कशी होते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

हा शब्द घरगुती पाहणीचा नाही. शास्ते या पुस्तकात दान वंशाचे लोक नवा मुलूख हेरायला माणसे पाठवतात, तेथे हेच क्रियापद येते. ईयोबाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात खाणकामगार अंधारात खोल उतरून धातूचा दगड शोधतो, तेथेही हेच. तेव्हा हृदयाची ही तपासणी म्हणजे वरून फडके फिरवणे नव्हे. खाली उतरून, दिवा नसलेल्या जागी हात घालून पाहणे आहे. त्याच्या जोडीला तेविसाव्या वचनात 'बाहन' हे दुसरे क्रियापद आहे; ते जखर्याच्या पुस्तकात सोन्याच्या परीक्षेसाठी वापरलेले आढळते. आपल्याकडे सोनार कसोटीच्या दगडावर दागिना घासून कस पाहतो, त्यातलाच हा भाव. दागिना आपला असतो, आजीच्या वेळचा असतो, त्यात खोट नाही अशी आपली खात्रीही असते. तरी दगडावरची रेघ वाचणारा डोळा सोनाराचा असतो.

हीच दोन क्रियापदे यिर्मयाच्या सतराव्या अध्यायात शेजारी शेजारी येतात. तेथे संदेष्टा आधी म्हणतो की माणसाचे हृदय सर्वांत कपटी आहे, ते कोणाला कळणार? आणि लगेच देव उत्तर देतो की हृदय धुंडाळणारा आणि अंतर्याम पारखणारा मी आहे. 'अंतर्याम' असे आम्ही म्हटले; मूळ शब्द मूत्रपिंडांचा आहे. हिब्रू माणूस विचार आणि निश्चय हृदयात मानत असे आणि त्याहून आतली, स्वतःलाही न उमगणारी खळबळ मूत्रपिंडांत. आपण आतडे तुटले, काळीज फाटले असे म्हणतो, तसेच काहीसे हे आहे. आपल्या स्तोत्रातही तेराव्या वचनात देवाने घडवलेल्या अवयवांत पहिला उल्लेख मूत्रपिंडांचाच आहे. हे लक्षात घेतले म्हणजे त्या वचनाकडे केवळ गर्भातील बाळाचे गोड चित्र म्हणून पाहता येत नाही. जी जागा देवाने सर्वांत आधी घडवली, तीच जागा त्याने तपासावी, असा कवीचा धागा आहे.

परंतु ही विनंती कवीच्या तोंडी सहजासहजी आलेली नाही. दुसऱ्या भागात तो पळतो आहे. वर आकाशात गेलो तर, खाली अधोलोकात अंथरूण घातले तर, पहाटेचे पंख लावून समुद्रापलीकडे राहिलो तर, असे एकामागून एक पर्याय तो चाचपून पाहतो. काही भाष्यकार यात केवळ देवाच्या सर्वव्यापित्वाचे स्तवन पाहतात. आम्हाला ते पुरेसे वाटत नाही. ज्याला पळायचे नाही तो पळण्याचे रस्ते इतक्या बारकाईने मोजत बसत नाही. ईयोबाशी ताडून पाहावे. सातव्या अध्यायात ईयोब देवाला विचारतो की तू माझ्यावर किती पहारा ठेवणार, मला आवंढा गिळण्यापुरती तरी उसंत दे. फाटकावर कॅमेरे लावणाऱ्या आणि मुलांचा ठावठिकाणा फोनवर पाहणाऱ्या आपल्या पिढीला ईयोबाची ही तक्रार नीट कळावी. सतत कोणीतरी पाहत असणे यात दिलासा आहे तसा जाचही आहे. इंग्रज कॅथलिक कवी फ्रान्सिस थॉम्पसन याच्या १८९० साली प्रसिद्ध झालेल्या 'द हाउंड ऑफ हेवन' या कवितेत तर देव पाठलाग करणारा शिकारी कुत्राच झाला आहे. आपला स्तोत्रकर्ता ईयोबाप्रमाणे तक्रार करीत नाही आणि थॉम्पसनच्या नायकाप्रमाणे शेवटपर्यंत धावतही नाही. अंधार मला झाकील अशी अखेरची आशा त्याने धरली आणि देवाला अंधार अंधारासारखा नसतोच असे त्याच्या ध्यानात आले, तेथे त्याचे पळणे थांबते.

थांबल्यावर तो जे पाहतो ते तिसऱ्या भागात आहे, आणि काव्य म्हणून हा भाग सर्वांत श्रीमंत आहे. आपल्याला गर्भात विणले गेले असे तो म्हणतो आणि पुढे भरतकामाचा शब्द वापरतो. 'रकम' हा तो धातू. निर्गमाच्या पुस्तकात निवासमंडपाच्या दारावरील पडद्याच्या भरतकामासाठी तोच आलेला आहे. निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुतात केलेले पवित्रस्थानाचे काम आणि गुपितात केलेले माणसाचे शरीर, यांना कवीने एकच शब्द दिला. त्यानंतरच्या वचनात 'गोलेम' हा शब्द येतो, संपूर्ण जुन्या करारात एकदाच : आकार न आलेला गोळा. भरजरी पडदा आणि बिनआकाराचा गोळा हे दोन्ही आपणच, हे त्याला पळणे थांबवल्यावर दिसले. भीतीने तपासणी मागणारा आणि ही जाणीव झाल्यावर तपासणी मागणारा यांत फार अंतर आहे.

या भागाच्या शेवटी कवी जागा होतो आणि म्हणतो की मी अजून तुझ्यापाशीच आहे. ख्रिस्तसभेने पुनरुत्थानाच्या सकाळच्या लॅटिन प्रवेशगीतासाठी, जे 'रेसुर्रेक्सी' या पहिल्या शब्दाने ओळखले जाते, याच स्तोत्रातील वचने घेतली आणि ती उठलेल्या ख्रिस्ताच्या मुखी घातली. त्या गीताचे पुढील कडवे हे स्तोत्राचे पहिलेच वचन आहे : पित्याने मला पारखले आहे. ही योजना ज्या कोणा अनाम उपासकाला सुचली त्याचे आम्हाला फार कौतुक वाटते. पारख झाल्यानंतरची सकाळ कशी असते, हे त्याने एका गीतात बसवले.

आणि एवढ्या उंचीवरून स्तोत्र एकदम खाली येते. एकोणीस ते बावीस ही चार वचने वाचताना बहुतेकांचा आवाज बसतो. देवा, दुर्जनांचा नायनाट कर. रक्तपाती लोकांनो, माझ्यापासून दूर व्हा. तुझा द्वेष करणाऱ्यांचा मी द्वेष करतो, पुरेपूर द्वेष करतो, ते माझे वैरी झाले आहेत, अशा आशयाची ती वचने आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या दैनिक प्रहरप्रार्थनेच्या नव्या ग्रंथात तीन शापस्तोत्रे संपूर्ण वगळण्यात आली आणि इतर काहींतून वचने वगळण्यात आली; त्यांत ही चार आहेत. चौथ्या आठवड्यातील बुधवारच्या सायंप्रार्थनेत धर्मगुरू आणि धर्मभगिनी अठराव्या वचनावरून थेट तेविसाव्यावर येतात. शापांनी प्रार्थना करणाऱ्याच्या मनाला अडचण होते, असे कारण त्या ग्रंथाच्या मार्गदर्शिकेत दिले आहे आणि ते समजण्यासारखे आहे. रोजच्या सामूहिक प्रार्थनेची निकड वेगळी असते. तरीही एक समीक्षक म्हणून आम्हाला सांगितले पाहिजे की ही चार वचने काढली की शेवटच्या दोन वचनांखालची जमीनच सरकते. मग कवी देवाच्या अद्भुत घडणीचे स्तवन करता करता हळूच, नम्रपणे, आपले हृदय तपासायला सांगतो असे चित्र उभे राहते. सुंदर चित्र आहे. पण स्तोत्रात ते नाही. स्तोत्रात, ज्याच्या तोंडून पुरेपूर द्वेष हे शब्द नुकतेच बाहेर पडले आहेत, असा माणूस तपासणी मागतो आहे.

येथे एक घरची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. आमच्या वडिलांचे आणि त्यांच्या चुलतभावाचे वाडीच्या कुंपणावरून बोलणे तुटले होते. बावखलाकडची दीड हात जागा, एवढाच वाद. कागद वडिलांच्या बाजूने होते, हे आम्ही आजही म्हणू. रोज संध्याकाळी घरात रोझरीची प्रार्थना होई, आणि 'आम्हांस वाइटापासून सोडव' या शब्दांवर वडिलांचा आवाज किंचित चढे. तो कोणत्या दिशेला चढतो हे आम्हा मुलांना ठाऊक असे. ते वर्षातून दोनदा तरी पापनिवेदनाला जात, आजीच्या भाषेत कुमसाराला. कुंपणाची गोष्ट तेथे निघाली असेल असे आम्हाला वाटत नाही. कारण त्यांच्या लेखी ते पाप नव्हतेच, तो न्याय होता. शेवटच्या आजारात आम्ही त्यांना रात्री स्तोत्रे वाचून दाखवीत असू. हे स्तोत्र आले तेव्हा ती चार वचने गाळावीत की वाचावीत असा क्षणभर विचार केला आणि वाचली. ते डोळे मिटून ऐकत होते. मानेने होकारही देत होते. पुढची दोन वचने वाचून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि विचारले, "हे त्याच माणसाने लिहिलंय?" आम्ही हो म्हटले. "परत वाच," एवढेच ते म्हणाले. कुंपण अजून आहे तेथेच आहे.

वडिलांचा तो प्रश्न आम्ही नंतर भाष्यग्रंथांत शोधला, आणि तेथेही तो या ना त्या रूपाने आहे. एक मोठा पक्ष असे मानतो की ही कविता म्हणजे निर्दोषतेचा दावा आहे. कवीवर मूर्तिपूजेचा आळ आला असावा. तो शपथेवर सांगतो आहे की माझी निष्ठा अभंग आहे, देवाचे वैरी ते माझे वैरी, आणि हवे तर तपासून पाहा. या वाचनात शेवटची विनंती भीतीची नसून आत्मविश्वासाची ठरते. या मताला आधारही आहे. चोविसाव्या वचनात 'ओत्सेव' हा शब्द आहे. त्याचा अर्थ दुःख किंवा यातना असा होतो, आणि यशयाच्या अठ्ठेचाळिसाव्या अध्यायात तोच शब्द मूर्ती या अर्थाने आला आहे. माझ्यात मूर्तीचा मार्ग आहे का पाहा, असा तेथे अर्थ घेतला की दाव्याचे चित्र पूर्ण होते.

हे मत आम्ही टाकाऊ मानत नाही, परंतु ते आम्हाला पटलेले नाही. आपल्या निष्ठेची खात्री असलेला माणूस आपले विचार तपासायला सांगताना साधा शब्द वापरील. येथे जो शब्द आहे तो दुर्मिळ आहे : 'सरअप्पीम'. तो साऱ्या स्तोत्रसंहितेत आणखी एकदाच, चौऱ्याण्णवाव्या स्तोत्रात येतो, आणि तेथे तो मनात दाटून आलेल्या काळज्यांसाठी, फांद्यांसारख्या फुटत जाणाऱ्या अस्वस्थ विचारांसाठी आहे. पुरेपूर द्वेष करतो असे छातीठोकपणे सांगितल्यानंतर लगेच आपल्या अस्वस्थ विचारांचा उल्लेख करणारा माणूस आपल्या द्वेषाविषयी निश्चिंत नाही. देवाच्या नावाने केलेला द्वेष असल्यामुळे त्याला तो पाप म्हणवत नाही, आणि म्हणूनच त्याला स्वतःला तो तपासताही येत नाही. इतर पापे आपल्याला निदान ओळखता येतात. ज्याच्या बाजूने कागद आहेत, त्याचा कस त्याने स्वतः कसा लावावा?

येथे संत पौलाची आठवण होते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तो म्हणतो की माझ्या मनाला काही टोचत नाही, परंतु तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही; माझा निवाडा करणारा प्रभू आहे. स्वच्छ सद्सद्विवेकबुद्धी हा शुद्धतेचा पुरावा मानायला पौल तयार नाही. लूकलिखित शुभवर्तमानातील परूशाची सद्सद्विवेकबुद्धी अगदी स्वच्छ होती, हे विसरून चालणार नाही. त्याने सांगितलेल्या उपवासांत आणि दशांशात काही खोटे होते असे येशू कोठेही म्हणत नाही.

आपल्या पापनिवेदनाच्या तयारीवर या स्तोत्राचा प्रकाश पडायला हवा. लहानपणी आम्हाला आज्ञांच्या क्रमाने प्रश्नांची यादी दिली जात असे आणि आम्ही ती हिशेबाच्या वहीसारखी भरत असू. यादी वाईट नव्हती. मुलांना काहीतरी धरायला लागते. पण मोठेपणीही आपण तीच वही भरत राहतो, आणि वहीत रकाना नसलेल्या गोष्टी बाहेरच राहतात. लोयोलाच्या संत इग्नेशियसने १५४८ साली छापल्या गेलेल्या आपल्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात दैनिक आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या दिल्या आहेत. स्वतःचा झाडा घेणे ही त्यांतली तिसरी पायरी आहे. पहिली उपकारस्मरणाची, आणि दुसरी, पापे ओळखण्याची कृपा देवाकडे मागण्याची. घाईत आपण सरळ तिसरीवर जातो. स्तोत्रकर्त्याचा क्रमही तोच आहे : आधी विणकराचे कौतुक, मग पारखीची विनंती. त्या विनंतीतच मग तो स्वतःचा झाडा देवाच्या हाती देऊन टाकतो.

आता तो मूळ प्रश्न : झालेली पारख पुन्हा का मागायची? संत ऑगस्टीन आपल्या 'कबुलीजबाब' या ग्रंथाच्या दहाव्या भागात स्वतःलाच असे विचारतो की देवाला सर्व उघडे आहे तर मी कबुली कशासाठी द्यावी. आणि त्याच्या उत्तराचा रोख असा आहे की कबुली न देऊन मी देवापासून लपत नाही, देवालाच माझ्यापासून लपवतो. स्तोत्राच्या पहिल्या वचनात देव कवीला ओळखतो. तेविसाव्या वचनात कवी त्या ओळखण्याला दार उघडून देतो. देवाच्या ज्ञानात यामुळे काही भर पडत नाही. बदल दाराच्या आतल्या बाजूला होतो. मधली चार वचने वगळली तर दाराआड काय होते तेच वाचकाला कळत नाही.

शेवटचे वचन वाचताना आणखी एक गोष्ट नजरेत भरते. माझ्यात 'ओत्सेव'चा मार्ग आहे का पाहा, असे म्हटल्यावर मला शुद्ध कर किंवा मला क्षमा कर, असे शब्द अपेक्षित होते. एकावन्नाव्या स्तोत्रात ते आहेतच. येथे कवी फक्त मला ने असे म्हणतो, 'ओलाम'च्या वाटेने. या शब्दाचा अर्थ सनातन असा होतो तसा पुरातनही होतो. यिर्मया आपल्या लोकांना उभे राहून विचारायला सांगतो त्या जुन्या वाटा याच शब्दाने सांगितल्या आहेत. पुढे अनंतकाळाकडे नेणारी वाट की मागे, जेथून आपण भरकटलो तेथे परत नेणारी वाट, हे कवीने सांगितलेले नाही, आणि भाषांतरकाराला एक निवडावेच लागते. एक मात्र स्पष्ट आहे. चोवीस वचनांत देवाला सतत 'तू' म्हणून हाक मारली आहे, आणि देव एकदाही बोललेला नाही. दुर्जनांचे काय झाले, कवीच्या हृदयात काय सापडले, याचा स्तोत्रात पत्ता नाही.